शंभर नावांची यादी करण्याआधी

नेटवर्क मार्केटिंग चांगले की वाईट, हा वाद आपल्या मंडळात दर दोन-चार वर्षांनी निघतो आणि आवाज चढवून संपतो. एक बाजू म्हणते, सगळे चोर आहेत. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही नोकरदार माणसे, तुम्हाला मोठा विचार करताच येत नाही. आमचे मत या दोन्हींहून निराळे आहे. या धंद्यात सरळ कंपन्या आहेत, तशा लबाडही आहेत. कोणती कशी, हे ओळखण्याचे काही साधे नियम आहेत आणि ते कळायला बी. कॉम.ची पदवी लागत नाही, चौथीचा गुणाकार पुरतो. अडचण एवढीच की हे नियम कंपनी सांगत नाही, बोलावणारा सांगत नाही आणि आपण विचारत नाही. का विचारत नाही? कारण बोलावणारा आपलाच असतो.

मंडळाच्या पत्रात हा विषय का, असे कुणी विचारील. पाणी, शाळा, मराठी माध्यम, मतदारयादी हे आपले नेहमीचे विषय. पण वाचकहो, परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या छोट्या समाजाकडे भांडवल कोणते असते? जमीनजुमला थोड्यांकडे, राजकीय वजन त्याहून कमी. आपले खरे भांडवल म्हणजे एकमेकांवरचा विश्वास. काचीगुड्याच्या घरातून बरकतपुऱ्याच्या घरात नुसत्या निरोपावर पैसे जातात, लग्नाचा हॉल शब्दावर मिळतो, भिशी वर्षानुवर्षे चालते. नेटवर्क मार्केटिंगला नेमके हेच भांडवल लागते. पहिल्या दिवशी नव्या सभासदाला काय करायला लावतात? एक वही आणि शंभर नावे. नातेवाईक, शेजारी, शाळासोबती, मंडळातली माणसे. मोठ्या गावात विखुरलेल्या माणसाला शंभर नावे आठवायला आठवडा लागेल. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी-पावती पुस्तिका उघडली की झाले! म्हणून हा प्रश्न कुणा एकाच्या खिशाचा नाही, सबंध समाजाचा आहे.

गुणाकार काय सांगतो

प्लॅन दाखवणारे फळ्यावर वर्तुळे काढतात. तुम्ही सहा जण आणा, ते प्रत्येकी सहा आणतील. ऐकायला सोपे वाटते. आता पुढे मोजा. ६, ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६, १६,७९,६१६ आणि नवव्या पायरीला १,००,७७,६९६. एक कोटीच्या वर! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या हैदराबाद महानगरपालिकेची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आत होती. म्हणजे तान्ही बाळे आणि अंथरुणावरचे म्हातारे धरले तरी माणसे पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फळ्यावर कधीच लिहीत नाहीत. या नऊ पायऱ्यांची बेरीज होते १,२०,९३,२३४. त्यातले एक कोटीहून अधिक, म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी, शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्याखाली कुणी नसते. साखळी कुठल्याही दिवशी थांबवा, पाचव्या पायरीला की नवव्या, प्रमाण साधारण हेच राहते. मेहनत केली नाही म्हणून ते खाली राहिले असे नव्हे. आकृतीच तशी आहे. केवळ भरतीच्या पैशावर चालणाऱ्या योजनेत वरच्या सतरांना जे मिळते ते खालच्या त्र्याऐंशींच्या खिशातून आलेले असते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय!

मग सरळ कंपनी कशी ओळखायची? तिचा पैसा मालातून येतो. जो माणूस सभासद नाही, ज्याला कमिशनशी देणेघेणे नाही, तो त्या साबणाला, डब्याला, पावडरीला दुकानातल्यासारखे पैसे देतो आणि पुन्हा मागतो. त्या विक्रीतला नफा वाटला जातो. अशा धंद्यात शेवटच्या पायरीवरचा माणूसही बुडत नाही. त्याने दहा डबे विकले तर दहा डब्यांचा नफा त्याला मिळतो. अमेरिकेत १९७९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲम्वेच्या प्रकरणात निकाल दिला, तोही याच मुद्द्यावर. घेतलेल्या मालाचा बहुतांश भाग पुढे विकला गेल्यावरच बोनस, दर महिन्याला ठरावीक किरकोळ गिऱ्हाईके आणि न खपलेला माल परत घेण्याची सोय, हे तिचे नियम पाहून तिला पिरॅमिड ठरवले गेले नाही. याच आयोगाने २०१६ मध्ये हर्बालाइफ कंपनीला २० कोटी डॉलर भरायला लावले आणि बक्षिसे भरतीवर न देता खऱ्या विक्रीवर द्यावीत अशी अट घातली. देश कुठलाही असो, कसोटी तीच.

कायदा आणि आपले शहर

आपल्याकडे प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट हा कायदा १९७८ पासून आहे. सभासद नोंदवण्यावर अवलंबून असलेल्या, झटपट पैशाच्या योजनेला त्यात बंदी आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ध्यानात ठेवा, बंदी केवळ योजना काढणाऱ्याला नाही. सभासद नोंदवणारा आणि योजनेत भाग घेणाराही त्यात येतो. "मी काय, मलाही वरच्याने सांगितले" हे उत्तर कोर्टात चालेलच असे नाही.

या कायद्याची मोठी लढाई आपल्याच शहरात झाली. २००६ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशच्या सीआयडीने ॲम्वेच्या कार्यालयांवर कारवाई केली. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये न्यायालयाने १९७८ च्या कायद्याखालची ती कारवाई रद्द करायला नकार दिला. मे २०१४ मध्ये कर्नूल पोलिसांनी कंपनीच्या भारतातील प्रमुखांना अटक केली. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने तिची ७५७ कोटींहून अधिक मालमत्ता तात्पुरती जप्त केली. अटक आणि जप्ती म्हणजे शिक्षा नव्हे, हे आम्ही जाणतो आणि आमचे कुठल्याही एका कंपनीशी भांडण नाही. सांगायचे एवढेच की ज्या कंपनीचा माल उघड विकला जातो, जिचे नाव जगात माहीत आहे, तिच्याबाबतही हे प्रश्न उठले. तेव्हा "मोठी कंपनी आहे हो" हे उत्तर पुरेसे नाही.

लहान-मोठ्या बाकीच्यांचे काय? २०११ मध्ये स्पीक एशियाने सुमारे ११,००० रुपये घेऊन घरबसल्या प्रश्नावल्या भरायला लावल्या आणि सभासद आणण्याचे कमिशन दिले. लाखो लोक त्यात अडकले. २०१८ मध्ये सायबराबाद पोलिसांनी हिसारच्या फ्यूचर मेकर लाइफ केअरच्या प्रमुखांना पकडले, २०१९ मध्ये नोएडाच्या ईबिझच्या. त्याच वर्षी क्यूनेटच्या प्रकरणांत आपल्याकडे अनेक गुन्हे नोंदले गेले. आणि १६ मार्च २०२३ ची संध्याकाळ हैदराबादकर विसरणार नाहीत. सिकंदराबादच्या स्वप्नलोक संकुलाला आग लागली आणि खेड्यापाड्यांतून आलेली सहा तरुण मुले-मुली गुदमरून गेली. ती ज्या कार्यालयात होती त्याचा संबंध क्यूनेटच्या जाळ्याशी होता आणि कामासाठी त्यांच्याकडूनच पैसे घेतले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. नोकरी शोधत आलेल्या पोरांनी नोकरीसाठी पैसे भरावेत, याहून वाईट काय असते?

सरकारने अगदीच काही केले नाही असे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राने डायरेक्ट सेलिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली रीतसर नियम केले. त्यांत पिरॅमिड योजनेला स्पष्ट मनाई आहे. कंपनीचे भारतात नोंदणीकृत कार्यालय हवे, विक्रेत्याशी लेखी करार हवा, ठरावीक मुदतीत दंड न भरता करारातून बाहेर पडण्याची सोय हवी, तक्रार निवारण अधिकारी हवा. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जायचे नाही, हेही त्यात आहे. म्हणजे आता सरळ धंद्याला चौकट आहे. म्हणूनच "सगळे चोर" हे म्हणणे आम्हाला पटत नाही. पण चौकट कागदावर आहे, तिच्यात कंपनी बसते की नाही हे पाहायचे काम आपले.

विचारायचे सात प्रश्न

पहिला प्रश्न. उद्यापासून एकही नवा सभासद आला नाही तर मला पैसे मिळतील का आणि कशाचे? याचे उत्तर "मालाच्या विक्रीवर इतके टक्के" असे एका वाक्यात मिळाले पाहिजे. उत्तरात डावा पाय, उजवा पाय, जोडी, बायनरी, पॉइंट असे शब्द येऊ लागले आणि मालाचे नाव येईना, तर चहा पिऊन उठावे.

दुसरा. आत यायला किती पैसे? प्रवेश फी, सक्तीचा किट, सक्तीची पहिली खरेदी, सेमिनारचे तिकीट, दर महिन्याला "आयडी चालू ठेवण्यासाठी" खरेदी, हे सगळे मिळून एका कागदावर मांडा. फी नाही म्हणायचे आणि पंधरा हजारांचे घड्याळ गळ्यात मारायचे, ही फीच झाली.

तिसरा. हाच माल बिगर-सभासद याच किमतीला घेईल का? किराणा दुकानात जाऊन तशाच वस्तूची किंमत आणि वजन पाहा. थोडी महाग असेल तर समजू शकते, चौपट असेल तर ती किंमत मालाची नसून साखळीची आहे. खाण्याची वस्तू असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक आहे का ते बघा. आणि पावडरीने मधुमेह, संधिवात, कॅन्सर बरा होतो असे सांगणारा माणूस तर दारातूनच परत पाठवावा.

चौथा. माल खपला नाही तर परत घेणार का, किती दिवसांत, किती कापून? तोंडी नको, करारात कलम दाखवा. करार वाचायला घरी नेऊ देत नसतील तर प्रश्न तिथेच मिटला.

पाचवा. कंपनीचे कागद. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, ताळेबंद शेवटचा कधी भरला, हे कुणालाही पाहता येते. जीएसटी क्रमांकही तपासता येतो. मात्र एक घोटाळा समजून घ्या. कंपनीची नोंदणी म्हणजे धंद्याला सरकारची मान्यता नव्हे. नोंदणीचा दाखला जन्माच्या दाखल्यासारखा असतो, तो चारित्र्याचा दाखला नसतो. कंपन्यांच्या संघटनेचे सभासदत्व किंवा सरकारकडे दिलेली स्वयंघोषणा, यांचेही तसेच. आणि "रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे" असे कुणी म्हणाले तर ते खोटे आहे. रिझर्व्ह बँक असल्या योजनांना मान्यता देत नाही. उलट जानेवारी २०१५ मध्ये तिने लोकांना त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले होते.

सहावा. बोलावणाऱ्याने कंपनीचे नाव आधी सांगितले का? "काका, नुसते भेटायला या हो, एका मोठ्या माणसाची ओळख करून देतो." एवढेच सांगून हॉटेलच्या हॉलमध्ये नेऊन बसवणाऱ्याचा माल सांगण्यासारखा नसतो. चांगला माल विकणारा दुकानाची पाटी झाकत नाही.

सातवा आणि सर्वांत उपयोगी. जो "मला महिन्याला लाख मिळतात" म्हणतो, त्याला म्हणावे, दादा, वर्षभराचे पासबुक आणि टीडीएसचा तपशील दाखवा, आणि त्याच वर्षात घेतलेल्या मालाचे, प्रवासाचे, सेमिनारांचे पैसेही सांगा. चेकचा मोठा पुठ्ठा हातात धरून काढलेला फोटो हा हिशेब नव्हे. जमा दाखवली की खर्चही दाखवावा लागतो, ही कॉमर्सची पहिली पायरी आहे.

एक पुरवणी. "गुंतवा आणि महिन्याला ठरावीक टक्के घ्या, काही विकायचे नाही" असे सांगत असतील तर ते नेटवर्क मार्केटिंगही नाही. ती ठेव झाली, आणि परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्याला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तिथे सात प्रश्नही विचारत बसू नये.

काउंटरच्या या बाजूने

आम्ही बँकेत कारकून आहोत. काउंटरच्या आतून जे दिसते ते बाहेरून दिसत नाही. कोण खातेदार, कोणती कंपनी, हे सांगणे आमच्या नोकरीत बसत नाही आणि सांगणारही नाही. पण मुदत ठेव अर्ध्यात मोडायला आलेल्या निवृत्त गृहस्थांशेजारी कोट-टाय घातलेला उत्साही मुलगा बसलेला असला की आम्हाला अंदाज येतो. बांगड्या गहाण ठेवायला आलेल्या वहिनी "बिझनेससाठी" एवढेच म्हणतात आणि खाली बघतात, तेव्हाही येतो. आम्ही विचारतो, मावशी, कशासाठी? कधी उत्तर मिळते, कधी "तुम्ही तुमचे काम करा" असे ऐकून घ्यावे लागते.

म्हणून कर्जाचा हिशेब सांगतो. समजा, पॅकेजसाठी एक लाखाचे पर्सनल लोन १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे ३,३२१ रुपये. मालावर २० टक्के सुटतात असे धरले, तर नुसता हप्ता भरण्यापुरती विक्री दर महिन्याला सुमारे १६,६०० रुपयांची हवी, तीही छत्तीस महिने, सणासुदीला आणि आजारपणातही. पेट्रोल, फोन, चहापाणी वेगळे. आपल्या ओळखीत असे साबण-पावडरीचे साडेसोळा हजार महिन्याला देणारी किती घरे आहेत, ती मोजा आणि मग सही करा. आमचा नियम सोपा आहे. या धंद्यात तेवढेच पैसे घालावेत जे गेले तर घरात वाद होणार नाही. कर्ज काढून, दागिने ठेवून, पी.एफ. काढून मुळीच नाही.

दुसरी सूचना नोकरदारांना. आपल्यात बँक, रेल्वे, केंद्र सरकारी कार्यालये यांत काम करणारे पुष्कळ आहेत. बँक कर्मचाऱ्याने लेखी परवानगीशिवाय बाहेरचा धंदा करणे हे गंभीर गैरवर्तन धरले जाते. केंद्र सरकारच्या नोकरांवरही १९६४ च्या वर्तणूक नियमांनी अशीच बंधने आहेत. बायकोच्या नावाने आयडी आणि मीटिंगमध्ये भाषण साहेबांचे, ही युक्ती वरिष्ठांना कळत नाही असे समजू नका. महिन्याच्या दोन हजारांसाठी पेन्शन पणाला लावायची का?

दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. घरी राहणाऱ्या आपल्या भगिनींना, पन्नाशीत नोकरी गेलेल्यांना, भाषेअभावी इथल्या बाजारात पाऊल न टाकता आलेल्यांना काम कोण देते? नेटवर्कवाले निदान नावाने हाक मारतात, व्यासपीठावर बोलावतात, टाळ्या वाजवतात. आपल्या मंडळाने गेल्या कित्येक वर्षांत किती गृहिणींना व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवल्या? ही जागा आपण रिकामी ठेवली, म्हणून तिथे दुसरे कुणी येऊन बसले. नुसते "जाऊ नका" म्हणून भागणार नाही. दिवाळीच्या फराळाची, मसाल्यांची, शिवणकामाची विक्री करणाऱ्या महिलांना मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एक दिवस टेबल मिळाले तर त्यात कुणाची डाउनलाइन लागणार नाही आणि पैसा त्याच दिवशी हातात पडेल.

मंडळाने काय करावे

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही चार गोष्टी ठेवणार आहोत. एक, मंडळाची सभासद-यादी, फोन नंबरांसह, कुणालाही धंद्यासाठी दिली जाऊ नये आणि तशी लेखी नोंद घटनेत व्हावी. दोन, हॉल भाड्याने मागणाऱ्या कंपनीकडून नोंदणीचे कागद, विक्रेत्याच्या कराराचा नमुना आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव आधी घ्यावे, नाही दिले तर हॉल देऊ नये. गणेशोत्सवाच्या प्रायोजकांनाही हीच अट, मग देणगी कितीही मोठी असो. तीन, कार्यकारिणीवर निवडून येणाऱ्याने आपण कुठल्या नेटवर्कमध्ये आहोत हे आधी जाहीर करावे. असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण एकाच साखळीतली माणसे एकमेकांना मते देऊन कार्यकारिणीवर गेली, तर मंडळ कुणाचे राहील याचा विचार सभासदांनी करावा. चार, मंडळात एक छोटी सल्ला-समिती असावी. दोन निवृत्त बँकवाले, एक वकील, एक भगिनी. करार घेऊन यावे, समिती वाचून देईल. फी नाही.

सरकारकडेही एक मागणी आहे. २०२१ च्या नियमांत राज्य सरकारांनी अशा कंपन्यांवर देखरेखीची यंत्रणा उभारावी असे म्हटले आहे. तेलंगणात तक्रार नेमकी कुठल्या कार्यालयात, कुणाकडे द्यायची, हे तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीतही ठळकपणे जाहीर व्हावे. आमदार-नगरसेवक मते मागायला आपल्या वस्तीत येतात तेव्हा त्यांना हा प्रश्न जरूर विचारा. तोवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आणि बेकायदा ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचे "सचेत" हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. पैसे अडकले असतील तर लाजून गप्प बसू नका. आपलाच माणूस वर आहे म्हणून तक्रार करत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तक्रार झाली नाही तर तोच आपला माणूस उद्या तिसऱ्या आपल्या माणसाकडे जातो.

चारही ठराव सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत यासाठी सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या लागतात. ज्यांना पटले असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात येऊन सही करावी. ज्यांना पटले नसेल त्यांनीही यावे आणि सभेत उभे राहून, कंपनीचे नाव आधी सांगून, आपली बाजू मांडावी. ऐकून घ्यायला आम्ही पहिल्या रांगेत बसू.